विमा आहे, पण पासिंग नाही

नवी मोटारसायकल शोरूममधून बाहेर पडण्याआधी तिचे कागद ठरलेल्या क्रमाने तयार होतात. विक्रीचा दाखला, विमा, कर आणि सर्वांत शेवटी आरटीओचा नोंदणी क्रमांक. हा क्रम कायद्यानेच घालून दिला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ४७ नोंदणीच्या अर्जासोबत वैध विमा प्रमाणपत्र मागतो. ते नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे विमा कंपनी पॉलिसी देते त्या क्षणी गाडीला नंबर नसतो. गाडीची ओळख पटते ती इंजिन क्रमांकावरून आणि चॅसी क्रमांकावरून. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी जून २०२२पासूनच्या दराप्रमाणे त्याचे ३,८५१ रुपये आणि वर कर. म्हणजे ज्या गाडीला नंबर मिळायचा आहे, तिच्या पाच वर्षांच्या जोखमीचे पैसे कंपनी आधीच घेऊन बसलेली असते.

विमा आहे पण पासिंग नाही, या अवस्थेतून अशा रीतीने प्रत्येक गाडी जातेच. बहुतेकांच्या बाबतीत ती काही दिवसांत संपते. काहींची लांबते, आणि काही गाड्या पंधरा वर्षांनी आरसीची मुदत संपल्यावर पुन्हा त्याच अवस्थेत येऊन पडतात. या मधल्या काळात गाडी चोरीला गेली किंवा आपटली तर काय, या प्रश्नाचे आज मिळणारे उत्तर फार कठोर आहे: हप्ता भरलेला असला तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पूर्ण फेटाळला जाऊ शकतो. मला हे उत्तर चुकीचे वाटते. नोंदणी हा मालक आणि सरकार यांच्यातला व्यवहार आहे. विमा हा मालक, कंपनी आणि रस्त्यावरचा तिसरा माणूस यांच्यातला. पहिल्या व्यवहारात मालकाने कुचराई केली, तर तिची शिक्षा पहिल्या व्यवहारातच व्हावी. त्या कुचराईमुळे नुकसान घडले नसेल, तर दुसऱ्या व्यवहारातून कंपनीला सुटका मिळू नये.

सध्याचे उत्तर आले आहे दोन निकालांतून, आणि ते नीट वाचले पाहिजेत. दोन्ही चारचाकींचे आहेत, पण कायद्याचे कलम दुचाकीलाही तेच लागू होते. पहिला, नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स, सप्टेंबर २०१४चा. पिकअप गाडीची तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ला संपली होती आणि २ फेब्रुवारीला अपघात झाला. कायमची नोंदणी झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणीशिवाय गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२खालचा गुन्हा तर आहेच, शिवाय तो पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे. दुसरा, युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध सुशील कुमार गोदारा, ३० सप्टेंबर २०२१चा. राजस्थानातल्या श्रीगंगानगरच्या माणसाची नवी बोलेरो. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ला संपली. २८ जुलैच्या रात्री जोधपूरमध्ये एका गेस्ट हाउसबाहेर उभी असताना ती चोरीला गेली. राज्य ग्राहक आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगाने मालकाच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नोंदणी संपलेली असताना मालक गाडी चालवत दुसऱ्या शहरात घेऊन गेला होता, यावर न्यायालयाने भर दिला. सहा लाखांहून जास्त रकमेचा विमा होता. हाती काही आले नाही.

या दुसऱ्या निकालापाशी थांबायला हवे. चोराने गाडी नेली ती तिच्यावर कायमचा नंबर नव्हता म्हणून नेली नाही. नंबर असता तरी ती त्याच रस्त्यावर, त्याच रात्री उभी असती. नऊ दिवसांपूर्वी संपलेल्या एका कागदाचा त्या चोरीशी कारण आणि परिणाम असा कोणताही धागा जोडता येत नाही. विमा कंपनीने हप्ता ठरवताना जी जोखीम मोजली होती, तीही या नऊ दिवसांत तसूभर वाढली नव्हती. कायद्याची दुसरी बाजूही पाहा. नोंदणीशिवाय गाडी चालवल्याबद्दल संसदेने स्वतः जी शिक्षा ठरवली आहे, ती पहिल्या गुन्ह्यासाठी दोन ते पाच हजार रुपये दंड. वारंवार केले तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद. संसदेने मोजून ठरवलेल्या या शिक्षेच्या जागी विम्याच्या वाटेने येणारी शिक्षा लाखाची गाडी असलेल्याला लाखाची आणि सहा लाखांची असलेल्याला सहा लाखांची होते. अपराध तोच असताना शिक्षा मालमत्तेच्या किमतीप्रमाणे वाढावी, आणि तिचा लाभ सरकारी तिजोरीला न होता हप्ता घेतलेल्या कंपनीला व्हावा, याला न्यायाचा आधार कोणता?

आणि याच न्यायालयाचे दुसरे विचारसूत्रही हाताशी आहे. बी. व्ही. नागराजू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या १९९६च्या प्रकरणात मालवाहू गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसे बसली होती. अट मोडली होती हे उघड होते. पण त्या जास्तीच्या माणसांमुळे अपघात झाला नव्हता, म्हणून तो भंग दावा बुडवण्याइतका मूलभूत नाही, असे न्यायालय म्हणाले. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध नितीन खंडेलवाल (२००८) हे प्रकरण तर चोरीचेच आहे. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने वापरली जात होती आणि ती पळवली गेली. चोरीच्या दाव्यात अशा भंगाला महत्त्व नाही, कंपनीने दावा सरसकट फेटाळू नये, असा निर्णय झाला आणि ७५ टक्के रक्कम द्यावी लागली. अमलेंदू साहू प्रकरणात २०१०मध्ये हीच वाट पुन्हा चालली गेली. विमा व्यवहारात या तोडग्याला 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड म्हणतात: अट मोडल्याची किंमत म्हणून काही टक्के कापायचे, उरलेले द्यायचे. भाड्याने फिरणाऱ्या गाडीची जोखीम खरोखरच वाढते, तरीही तिच्या मालकाला तीन चतुर्थांश मिळाले. नोंदणीचा कागद नऊ दिवसांपूर्वी संपलेल्या मालकाची जोखीम वाढली नव्हती, त्याला शून्य मिळाले. हे दोन निकाल एका तराजूत बसत नाहीत. २०२१चा निकाल तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा आहे, त्यामुळे खालची न्यायालये आणि आयोग त्याने बांधले गेले आहेत हे मान्यच आहे. पण निकाल बंधनकारक असणे आणि त्यातला विचार पटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कायदा बदलायचा की नाही हा प्रश्न संसदेपुढे कायम मोकळा असतो.

या सगळ्यावर सरळ आक्षेप येतो: मालकाने वेळेत पासिंग करून घ्यावे की. कायदा पाळणाऱ्याला हा त्रास होतच नाही. या आक्षेपामागे एक गृहीत आहे, की गाडी विनानोंदणी राहते ती मालकाच्या आळसाने. प्रत्यक्षात काय घडते याचे सर्वांत मोठे उदाहरण २०२०चे आहे. बीएस-४ या जुन्या उत्सर्जन मानकाच्या गाड्या १ एप्रिल २०२०पासून विकता किंवा नोंदवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्येच ठरवून दिले होते. मार्चअखेर शोरूममध्ये सवलतींची गर्दी उसळली आणि २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. आरटीओ बंद. २७ मार्चला न्यायालयाने उरलेल्या साठ्याच्या १० टक्के गाड्या लॉकडाऊननंतर दहा दिवसांत विकायला परवानगी दिली. परवानगीपेक्षा फार जास्त गाड्या विकल्या गेल्याचे दिसताच ८ जुलैला ती मागे घेतली. ३१ जुलैला बीएस-४ची नोंदणीच थांबवली. १३ ऑगस्टला, दिल्ली परिसर वगळून, ज्या गाड्यांची विक्री ३१ मार्चपूर्वी झाली होती आणि तपशील 'वाहन' पोर्टलवर चढवलेला होता, त्यांच्या नोंदणीला मुभा मिळाली. या साडेचार महिन्यांत ज्या ग्राहकांनी पैसे मोजले, विमा काढला आणि गाडी घरी आणली, त्यांच्या हातात काय होते? तपशील पोर्टलवर चढवण्याचे काम डीलरचे होते. नोंदणी द्यायची की नाही हे ठरवणारे वरच्या खुर्चीत होते. ग्राहकाच्या वाट्याला फक्त वाट पाहणे आले.

त्या काळाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३० मार्च २०२०च्या सूचनेने १ फेब्रुवारीनंतर मुदत संपलेले लायसन्स, फिटनेस, परमिट, नोंदणी असे कागद वैध समजण्यास सांगितले आणि ही मुदत २०२१पर्यंत वेळोवेळी वाढवली. जग थांबले असताना सरकारला हे मान्य होते की कागदाची तारीख उलटली म्हणून गाडीचे स्वरूप बदलत नाही. साथ ओसरल्यावर ते सत्य बदलायचे काही कारण नव्हते.

नव्या गाड्यांचा प्रश्न २०१९च्या दुरुस्तीने बराच हलका झाला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आता त्याच राज्यात नोंदवायच्या नव्या गाडीसाठी अर्ज डीलरने करायचा आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, असे कलम ४१ सांगते. डीलरने अर्ज केला नाही तर कलम १९२-ब खाली वार्षिक कराच्या पंधरा पट किंवा आयुष्यभराच्या कराइतका, यांपैकी जास्त असेल तो दंड. दंडाचा हा बोजा योग्य खांद्यावर आहे. पण डीलरला कितीही दंड झाला, तरी मधल्या काळात गाडी चोरीला गेली तर दावा बुडतो तो ग्राहकाचा. चूक कोणाची हे कायद्याने ओळखले, पण तोटा कोणाचा ही बाजू तशीच राहिली.

खरे दुखणे आता जुन्या गाड्यांचे आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्रात ते घरोघर उभे आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शेतावर, दूध डेअरीवर, बाजाराला जाणारी शंभर सीसीची गाडी पंधरा वर्षांनीही चांगली चालते. थर्ड पार्टी विमा मोबाइलवरून दर वर्षी भरता येतो. ७५ ते १५० सीसीला त्याचा मूळ दर ७१४ रुपये. आरसीची मुदत मात्र कुणी आठवण करून देत नाही. ती उलटली की १ एप्रिल २०२२पासूनच्या नियमाप्रमाणे मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क १,००० रुपये, आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीचे शुल्क २,००० रुपये. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. हिशेब केला तर तीन वर्षे उशीर झालेल्या गाडीचे उशिराचे शुल्कच १०,८०० रुपये होते. अनेक ठिकाणी त्या गाडीला बाजारात तेवढी किंमतही येत नाही. मग मालक काय करतो? नूतनीकरण सोडून देतो, विमा भरत राहतो, कारण पोलीस विचारतात तो कागद त्याला स्वस्तात मिळतो. आणि हप्ता घेताना कंपनी? 'वाहन'च्या नोंदीत नोंदणीची मुदत आणि विम्याची मुदत शेजारीशेजारी दिसतात. कंपनीला ती मुदत संपल्याचे कळणे एका क्लिकवर आहे. ते पाहण्याची तसदी हप्ता स्वीकारताना न घेता दावा आल्यावरच घेणे, हा व्यवहारातला सरळपणा नव्हे.

घरात मृत्यू झाला की हेच दुखणे आणखी खोल जाते. गाडीचा मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, असा नियम ५६ आहे. वडिलांच्या दिवसकार्यात आणि वारसाच्या दाखल्यात अडकलेल्या घराला हे तीन महिने पुरत नाहीत. इकडे मालक-चालकाला मिळणारे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण एका अटीवर उभे असते: गाडी चालवणारा नोंदणीकृत मालक असला पाहिजे आणि पॉलिसीत त्याचेच नाव असले पाहिजे. म्हणजे वडिलांच्या नावावरच्या गाडीवर जाणारा मुलगा दगावला, तर त्या घराचे १५ लाख नावाच्या रकान्यावर अडकतात. एप्रिल २०२१च्या नियमदुरुस्तीने आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो ही चांगली सोय झाली. तिचा प्रचार आरटीओच्या भिंतीवरच्या कागदापलीकडे गेला पाहिजे.

आता तिसऱ्या माणसाकडे येऊ, कारण सगळ्या युक्तिवादाचे मूळ तिथे आहे. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. कंपनी कोणत्या कारणांवर तिसऱ्या माणसाला पैसे नाकारू शकते, याची यादी मोटार वाहन कायद्याने दिली आहे, पूर्वीचे कलम १४९, आताचे १५०. परमिटबाहेरचा वापर, शर्यत, लायसन्स नसलेला चालक, खोटी माहिती ही कारणे तिथे आहेत. मोटारसायकलला साइडकार जोडलेली नसणे, इतका बारीक मुद्दाही आहे. नोंदणी नसणे हा मुद्दा त्या यादीत नाही. साइडकारपर्यंत विचार करणाऱ्या कायदेकर्त्यांच्या नजरेतून नोंदणी निसटली असेल, असे मानणे कठीण आहे. नोंदणीचा दोष हा जखमी माणसाच्या माथी मारायचा नाही, हा त्या गाळण्याचा स्वाभाविक अर्थ आहे. लायसन्सच्या बाबतीतही २००४च्या स्वरन सिंग प्रकरणात न्यायालयाने मालकाची जाणीवपूर्वक चूक सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर टाकले. लायसन्सचा अपघाताशी थेट संबंध असूनही ही काळजी घेतली गेली.

एका कागदाला दुसऱ्या कागदाची बेडी घातली की काय होते, याचा अनुभव आपण सात वर्षे घेतला आहे. १० ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने वैध पीयूसी (प्रदूषण नियंत्रण) प्रमाणपत्राशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला. हेतू हवा स्वच्छ करण्याचा होता. पण पीयूसी नसलेली गाडी रस्त्यावर फिरायची थांबत नाही, ती विम्याशिवाय फिरते, आणि तिने कुणाला उडवले तर भरपाई मिळायची वाट बंद होते. साधारण विमा परिषदेने ही अडचण मांडल्यावर २०२४च्या जुलैमध्ये न्यायालयाने ती अट काढून टाकली. हवेचे प्रदूषण ही माणसाच्या जिवाशी निगडित गोष्ट असूनही न्यायालयाला विम्याची साखळी सोडवावीशी वाटली. नोंदणीच्या थकबाकीसाठी ती साखळी घट्ट ठेवण्याचे समर्थन त्यापुढे फार दुबळे आहे.

गंभीर आक्षेप एकच उरतो: चोरीच्या गाड्या. नंबर नसलेल्या गाडीचा दावा मान्य होऊ लागला तर चॅसी नंबर घासलेली, दोनदा विकलेली, खोट्या बिलाची गाडी विम्याच्या पैशांत धुऊन निघेल, अशी भीती आहे आणि ती निराधार नाही. नोंदणी गाडीला ओळख देते, ही तिची मोठी सार्वजनिक उपयुक्तता. पण ज्या गाडीचा विक्रीचा दाखला आहे, पॉलिसीत चॅसी क्रमांक आहे, पंधरा वर्षांपूर्वीची नोंद अजून त्याच नावावर आहे, तिची ओळख संशयास्पद नसते. ओळखीवर शंका असेल तर कंपनीने ती सिद्ध करून दावा नाकारावा. फसवणुकीच्या कलमांत ती ताकद आजही आहे. मुदत संपल्याच्या शिक्क्याआड लपून ते काम टाळू नये. त्याहून हलका आक्षेप धाकाचा, की विमा जाईल या भीतीने लोक नोंदणी करतात. हा धाक चालत असता तर तो आधी माहीत असायला हवा होता. दावा नाकारला जातो तेव्हाच ज्याची ओळख होते, त्या शिक्षेने कुणी सुधारत नाही.

मग करायचे काय, ते अवघड नाही. नुकसानीशी संबंध नसलेल्या नोंदणीच्या त्रुटीसाठी स्वतःच्या गाडीचा दावा जास्तीत जास्त एक चतुर्थांश कापून द्यावा, हे विमा नियामक आयआरडीएआयने पॉलिसीच्या नमुन्यातच लिहावे. वेळेत अर्ज दिला असेल तर नंबर हाती येईपर्यंत गाडी नोंदलेली समजावी. नूतनीकरणाचा हप्ता घेताना कंपनीने 'वाहन'वर नोंदणीची मुदत पाहावी आणि ती संपली असेल तर मराठीत, मोबाइलवर, मालकाला कळवावे. न कळवता हप्ता घेतला तर पुढे तो मुद्दा दाव्यात उपसता येऊ नये. उशिराच्या शुल्काला वरची मर्यादा हवी, गाडीच्या किमतीशी बांधलेली. ज्यांना गाडी अंगणात ठेवायची आहे, चालवायची नाही, त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये १९९८पासून 'रस्त्यावर नाही' असे जाहीर करण्याची सोय आहे. तशी एक नोंद आरटीओच्या पोर्टलवर खासगी दुचाकीसाठी सहज देता येईल. ती नोंद केलेली गाडी अंगणातून चोरीला गेली, तर आगीचा आणि चोरीचा विमा तिला लागू राहावा. कलम ३९ नोंदणी मागते ते गाडी चालवण्यासाठी. अंगणात उभ्या असलेल्या गाडीबद्दल ते बोलत नाही.